त्वचेवर लावलेले औषध आत कसे शिरते? मलम, जेल आणि विद्रावकांचे विज्ञान

पावसाळा सुरू झाला की अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड अशा उपनगरांतल्या औषधांच्या दुकानांत एक मागणी नेहमीची होते. जांघेत, काखेत किंवा कमरेच्या पट्ट्याखाली खाज सुटली आहे, काहीतरी ट्यूब द्या. भिजलेले कपडे, लोकलमधली गर्दी, दिवसभर अंगात असलेले बूट आणि न वाळणारा घाम ही त्यामागची कारणे सगळ्यांना ठाऊक असतात. पण ट्यूबमधले औषध त्वचेत किती आणि कुठवर जाते, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. त्याचे उत्तर फक्त औषधाच्या नावात नसते. ते औषध कशात विरघळवले आहे, शरीराच्या कोणत्या भागावर लावले आहे आणि तो भाग किती झाकलेला, ओला व गरम आहे, यावरही ते ठरते. याच कारणामुळे हातावर निरुपद्रवी ठरणारी ट्यूब जांघेत कायमचे व्रण ठेवून जाऊ शकते.

त्वचेचे कुंपण कसे असते?

त्वचेचा सर्वांत वरचा थर मृत पेशींचा असतो. त्याला शृंगी थर म्हणतात. तळहात आणि तळपाय सोडले तर त्याची जाडी साधारण १० ते २० मायक्रोमीटर, म्हणजे वर्तमानपत्राच्या कागदापेक्षा कितीतरी कमी असते. तरीही शरीरातले पाणी बाहेर जाऊ न देणे आणि बाहेरची रसायने आत येऊ न देणे, ही दोन्ही कामे मुख्यतः हाच थर करतो.

त्याची रचना समजावण्यासाठी विटांच्या भिंतीची उपमा दिली जाते. अमेरिकी संशोधक अॅलन मायकेल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये ती मांडली. केराटिन या प्रथिनाने भरलेल्या चपट्या पेशी म्हणजे विटा. त्यांचे १५ ते २० थर एकावर एक रचलेले असतात. विटांच्या मधले सिमेंट म्हणजे सिरॅमाइड, कोलेस्टेरॉल आणि मेदाम्ले यांचा स्निग्ध लेप. पाणी या लेपातून सहजी जात नाही, म्हणून अंघोळ केल्याने आपण फुगत नाही.

औषधाला आत जायला तीन वाटा असतात: थेट पेशींमधून, पेशींच्या मधल्या स्निग्ध लेपातून वळणे घेत, किंवा केसांची मुळे आणि घामाच्या ग्रंथींतून. तिसरी वाट मोकळी वाटते, पण त्या छिद्रांनी त्वचेचा जेमतेम ०.१ टक्का पृष्ठभाग व्यापलेला असतो. बहुतेक औषधे दुसऱ्या वाटेने, म्हणजे स्निग्ध लेपातूनच जातात.

ही वाटचाल कोणी ढकलून होत नाही. जास्त संहतीकडून कमी संहतीकडे रेणू आपोआप सरकतात. याला विसरण म्हणतात, आणि त्याचा नियम जर्मन शास्त्रज्ञ अॅडॉल्फ फिक यांनी १८५५ मध्ये मांडला. त्वचेच्या बाबतीत त्याचा अर्थ असा: वरच्या बाजूला औषधाचा दाब जितका जास्त, स्निग्ध लेपात ते जितके सहज विरघळेल आणि थर जितका पातळ, तितका प्रवेश जलद.

कोणते रेणू आत जाऊ शकतात?

पहिली अट आकाराची. रेणूभार ५०० डाल्टनच्या वर गेला की निरोगी त्वचेतून रेणू जवळजवळ जात नाही. हा ठोकताळा बॉस आणि माइनार्डी यांनी २००० साली मांडला. बुरशीवरचे क्लोट्रिमाझोल (सुमारे ३४५), हायड्रोकॉर्टिसोन (सुमारे ३६२), वेदनेवरचे डायक्लोफेनॅक (सुमारे २९६) ही औषधे या मर्यादेत बसतात. इन्सुलिनचा रेणूभार ५,८०० च्या आसपास असतो. मधुमेहींना सुई टोचून घ्यावी लागते, मलम लावून भागत नाही, त्यामागचे हे एक मोठे कारण आहे.

दुसरी अट स्वभावाची. रेणू थोडा तेलात आणि थोडा पाण्यात विरघळणारा हवा. पूर्णपणे पाण्यात रमणारा रेणू स्निग्ध लेपात शिरतच नाही. पूर्णपणे तेलात रमणारा रेणू लेपात शिरतो, पण तिथेच अडकतो, कारण शृंगी थराच्या खाली जिवंत पेशींचा थर आहे आणि तो पाणीदार आहे. दोन्हीकडे जमवून घेणारे रेणूच खालच्या रक्तवाहिन्यांपर्यंत पोहोचतात.

विद्रावक नेमके काय करतो?

औषध कोरडी भुकटी म्हणून त्वचेवर टाकले तर फारसे काही होत नाही. रेणू सुटे व्हायला ते कशात तरी विरघळलेले असावे लागते. पाणी, अल्कोहोल, प्रॉपिलिन ग्लायकॉल, पॉलिइथिलिन ग्लायकॉल, आयसोप्रोपिल मिरिस्टेट ही नावे ट्यूबच्या किंवा बाटलीच्या खोक्यावर बारीक अक्षरांत दिसतात. ती भरताड नसतात. विद्रावक एकाच वेळी तीन कामे करतो.

पहिले काम औषध विरघळवण्याचे. इथे एक गोष्ट उलटी वाटेल अशी आहे. औषधाला अतिशय चांगले विरघळवणारा विद्रावक नेहमी चांगला वाहक ठरत नाही. ताकेरू हिगुची यांनी १९६० मध्ये दाखवून दिले की महत्त्व निव्वळ टक्केवारीला नसते. द्रावण संपृक्ततेच्या किती जवळ आहे, याला असते. गर्दीच्या वेळची लोकल डोळ्यांसमोर आणली की हे कळते. डब्यात ऐसपैस जागा असेल तर उतरण्याची घाई कोणालाच नसते. डबा खच्चून भरला असेल तर दाराशी आलेला माणूस स्थानक येताच बाहेर फेकला जातो. तसेच काठोकाठ भरलेल्या द्रावणातून औषधाचा रेणू त्वचेकडे लवकर सरकतो. त्यामुळे एका ट्यूबवर ‘२ टक्के’ आणि दुसरीवर ‘१ टक्का’ लिहिले असले, तरी पहिली दुप्पट परिणामकारक असेलच असे नाही.

दुसरे काम उडून जाण्याचे. अल्कोहोल असलेले लोशन किंवा जेल लावले की गार वाटते, कारण अल्कोहोल वाफ होऊन निघून जाते. मागे उरलेल्या थोड्या द्रवात औषधाची संहती झपाट्याने वाढते आणि काही काळ रेणू जोरात आत शिरतात. सगळाच द्रव उडाला तर मात्र औषधाचे स्फटिक त्वचेवर जमतात आणि प्रवेश मंदावतो. म्हणून अशा औषधांत सहसा न उडणारा दुसरा विद्रावकही घातलेला असतो.

तिसरे काम भिंतीचे सिमेंट सैल करण्याचे. अल्कोहोल स्निग्ध लेपाचा काही भाग विरघळवते आणि ओलेइक आम्ल त्याची घट्ट मांडणी विस्कटते. प्रॉपिलिन ग्लायकॉल लेपात शिरून औषधाला तिथे जागा करून देते. यांना प्रवेशवर्धक म्हणतात. पण सैल झालेली भिंत फक्त औषधालाच वाट देते असे नाही. खाज, जळजळ आणि कोरडेपणा हे प्रवेशवर्धकांचे नेहमीचे दुष्परिणाम आहेत.

केस उगवणाऱ्या औषधाचे उदाहरण

मिनॉक्सिडिल हे मुळात रक्तदाबाच्या गोळीतले औषध. गोळी घेणाऱ्या रुग्णांच्या अंगावर केस वाढताना दिसले आणि त्यातून डोक्याला लावायचे द्रावण तयार झाले. अमेरिकेत २ टक्क्यांच्या द्रावणाला १९८८ मध्ये मान्यता मिळाली. मिनॉक्सिडिल पाण्यात फारसे विरघळत नाही, म्हणून त्यासाठी अल्कोहोल, पाणी आणि प्रॉपिलिन ग्लायकॉल यांचे मिश्रण वापरले गेले. अल्कोहोल उडते, औषध दाटते आणि प्रॉपिलिन ग्लायकॉल ते द्रवरूपात धरून ठेवते. केसांवर कधी कधी दिसणारी पांढरी पूड म्हणजे आत न गेलेल्या औषधाचे स्फटिक असतात.

हे द्रावण वापरणाऱ्या काहींच्या टाळूला खाज सुटते. दोष बहुधा मिनॉक्सिडिलचा नसतो, प्रॉपिलिन ग्लायकॉलचा असतो. म्हणून पुढे प्रॉपिलिन ग्लायकॉल नसलेला फेसही बाजारात आला. एखादे औषध ‘सोसत नाही’ असे वाटले तर त्याचा वाहक बदलून पाहता येतो का, हे डॉक्टरांना विचारण्यासारखे असते.

सगळ्यात बेफाम विद्रावक

डायमिथाइल सल्फॉक्साइड हा कागदाच्या लगद्याच्या उद्योगात निघणाऱ्या पदार्थांपासून बनणारा द्रव आहे. तो त्वचेतून इतक्या वेगाने जातो की हातावर लावल्यावर थोड्याच वेळात तोंडाला लसणासारखी चव येते. अमेरिकेतल्या ओरेगन राज्यातले डॉक्टर स्टॅन्ली जेकब यांनी १९६० च्या दशकात वेदनांवरचे औषध म्हणून त्याचा जोरदार पुरस्कार केला. प्राण्यांच्या डोळ्यांतल्या भिंगावर परिणाम दिसल्याने १९६५ मध्ये तिथले प्रयोग थांबवण्यात आले. १९७८ मध्ये मान्यता मिळाली, ती मूत्राशयाच्या एका विकारापुरती. गुडघ्याच्या संधिवातासाठी हाच विद्रावक घातलेले डायक्लोफेनॅकचे द्रावण अमेरिकेत २००९ मध्ये मान्य झाले.

या द्रवाचा धडा सोपा आहे. तो वाटेत भेटेल ते बरोबर घेऊन जातो. त्वचेवरची धूळ, कीटकनाशक किंवा कारखान्यातल्या रसायनाचा अंशही त्यात येतो. औद्योगिक प्रतीचा हा द्रव घरगुती उपाय म्हणून अंगाला लावणे त्यामुळे धोक्याचे आहे.

हातावर एक, जबड्यावर तेरा

औषध आणि विद्रावक तेच ठेवून फक्त जागा बदलली तर काय होते? रॉबर्ट फेल्डमन आणि हॉवर्ड मेबाक यांनी १९६७ मध्ये किरणोत्सारी खूण असलेले हायड्रोकॉर्टिसोन शरीराच्या वेगवेगळ्या भागांवर लावून लघवीतून किती बाहेर पडते ते मोजले. कोपराखालच्या हातावरचा प्रवेश १ धरला तर इतर ठिकाणी तो असा निघाला:

- तळपाय: ०.१४
- तळहात: ०.८३
- डोक्याची त्वचा: ३.५
- काख: ३.६
- कपाळ: ६
- जबड्याची कड: १३
- वृषणाची त्वचा: ४२

म्हणजे एकच मलम तळपायावर जेवढे जाते त्याच्या ३०० पट वृषणाच्या त्वचेतून जाते. जांघेत लावलेले मलम आजूबाजूला पसरतेच. ‘हाताला लावले तेव्हा काही झाले नाही’ हा अनुभव म्हणूनच चेहऱ्याला किंवा जांघेला लागू पडत नाही.

यात हवामानाची भर पडते. शृंगी थरात एरवी १० ते २० टक्के पाणी असते. त्यावर प्लास्टिक, घट्ट पट्टी किंवा ओला कपडा बसला की हे प्रमाण ५० टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. पेशी फुगतात, सिमेंट सैल होते, त्वचेचे तापमानही वाढते. मॅकेन्झी आणि स्टॉटन यांनी १९६२ मध्ये दाखवले की प्लास्टिकने झाकलेल्या त्वचेत स्टिरॉइडचा प्रवेश १०० पटींपर्यंत वाढू शकतो. मुंबईत जुलैमध्ये हवेतली आर्द्रता बहुतेक वेळा ८० टक्क्यांच्या वर असते. घाम वाळत नाही, आणि मांडीला मांडी घासणारी जांघ ही त्वचेने त्वचेवर बांधलेली पट्टीच असते. तान्ह्या बाळाचा लंगोटही हेच काम करतो. शिवाय बाळाच्या वजनाच्या मानाने त्वचेचे क्षेत्रफळ मोठ्या माणसापेक्षा दुपटीहून जास्त असते, त्यामुळे रक्तात जाणारी मात्रा वाढते.

गजकर्ण आणि ‘मिश्र’ मलम

गजकर्ण, म्हणजे नायटा, बुरशीमुळे होतो. ही बुरशी केराटिनवर जगते, म्हणून तिचा मुक्काम मुख्यतः वरच्या मृत थरात असतो. बुरशीनाशकाला फार खोल जाण्याची गरज नसते. ते शृंगी थरात पुरेशा प्रमाणात आणि पुरेसे दिवस टिकले म्हणजे झाले.

स्टिरॉइडचे ठिकाण वेगळे आहे. ते खालच्या जिवंत पेशींवर काम करते आणि शरीराची दाहक प्रतिक्रिया दाबते. लाली आणि खाज एक-दोन दिवसांत कमी होते. बुरशी मात्र मरत नाही. उलट तिच्याशी लढणारी प्रतिक्रियाच थंड पडल्याने ती पसरते. गजकर्णाची ओळखीची गोल लाल कड पुसट होते आणि डॉक्टरलाही रोग ओळखणे कठीण जाते. या बदललेल्या रूपाला ‘टिनिया इन्कॉग्निटो’, म्हणजे वेष पालटलेले गजकर्ण, हे नाव १९६८ मध्ये दिले गेले.

भारतात अनेक वर्षे बुरशीनाशक, प्रतिजैविक आणि क्लोबेटासॉलसारखे तीव्र स्टिरॉइड एकाच ट्यूबमध्ये मिसळून विकले गेले. जांघेत लावल्यावर तिथल्या पातळ, ओल्या त्वचेतून स्टिरॉइड मोठ्या प्रमाणात आत जाते. त्वचा पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात आणि गरोदरपणात पोटावर पडतात तसे पट्टे मांड्यांवर उमटतात. लाली ओसरली तरी हे पट्टे पूर्णपणे जात नाहीत. स्टिरॉइडचा साठा शृंगी थरात काही दिवस राहतो, त्यामुळे ट्यूब बंद केल्यावरही त्याचा परिणाम लगेच थांबत नाही. साठा संपला की खाज पुन्हा उसळते, रुग्ण तीच ट्यूब पुन्हा विकत घेतो आणि चक्र सुरू राहते.

केंद्र सरकारने २०१८ मध्ये त्वचेवर लावायच्या १४ स्टिरॉइडांचा समावेश ‘शेड्यूल एच’मध्ये केला, म्हणजे ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बंदी घातलेल्या ३२८ मिश्र औषधांत स्टिरॉइड असलेली काही मलमेही होती. दरम्यान बुरशीही बदलली. भारत आणि नेपाळमधल्या रुग्णांत सापडलेल्या, टर्बिनाफिन या प्रचलित औषधाला दाद न देणाऱ्या प्रकाराला २०२० मध्ये ‘ट्रायकोफायटॉन इंडोटिनी’ असे नाव मिळाले. त्यामुळे दोन आठवड्यांत बरे होणारे गजकर्ण आता अनेकांना महिनोन्‌महिने छळते.

वेदनेचे जेल आणि बाम

सांधेदुखीवरच्या डायक्लोफेनॅक जेलचा उद्देश वेगळा असतो. औषध दुखऱ्या जागेजवळ पोहोचावे, पण रक्तात कमीत कमी जावे. गुडघ्यावर सांगितल्याप्रमाणे लावलेल्या १ टक्का जेलमधून रक्तात पोहोचणारे औषध गोळीच्या तुलनेत साधारण ६ टक्के असते. पोटाला आणि मूत्रपिंडाला त्रास कमी होण्याचे कारण हेच. पण एकाच वेळी दोन्ही गुडघे, कंबर आणि खांद्यावर जेल चोळून वर गोळीही घेतली तर हा फायदा उरत नाही.

बामची परंपरा मुंबईला नवी नाही. काशीनाथुनी नागेश्वर राव यांनी १८९३ मध्ये ‘अमृतांजन’ याच शहरात सुरू केले, नंतर ते मद्रासला गेले. बामचा गारवा किंवा ऊब बरीचशी त्वचेतल्या संवेदना-चेतांना डिवचल्यामुळे येते. मात्र अनेक बाममधले मिथाइल सॅलिसिलेट त्वचेतून रक्तातही जाते, आणि ते अॅस्पिरिनच्या कुळातले आहे. व्यायामानंतर गरम झालेल्या अंगावर ते अधिक शोषले जाते. रक्त पातळ करण्याची गोळी घेणाऱ्यांनी ते मोठ्या भागावर वारंवार चोळू नये. शुद्ध विंटरग्रीन तेल लहान मुलांच्या हाती लागू देऊ नये. त्याच्या एका चमचाभर घोटात सुमारे ७ ग्रॅम अॅस्पिरिनइतके सॅलिसिलेट असते.

प्रयोगशाळेत हे मोजतात कसे?

थॉमस फ्रान्झ यांनी १९७५ मध्ये मांडलेले काचेचे साधे उपकरण आजही वापरले जाते. दोन कप्प्यांच्या मध्ये त्वचेचा तुकडा ताणून बसवतात. ही त्वचा डुकराच्या कानाची किंवा शस्त्रक्रियेत काढलेली मानवी असते. वर औषध लावतात, खालच्या द्रवातून ठरावीक वेळाने नमुने काढतात आणि त्वचा ३२ अंश सेल्सिअसला ठेवतात, कारण जिवंत त्वचेच्या पृष्ठभागाचे तापमान साधारण तेवढे असते. औषधनिर्माणशास्त्राच्या विद्यार्थ्यांना हे उपकरण ‘फ्रान्झ सेल’ म्हणून परिचित असते. स्टिरॉइडसाठी याहून सोपी चाचणी आहे. ते आत गेले की रक्तवाहिन्या आकसतात आणि त्वचा फिकट पडते. ती किती फिकट पडली, त्यावरून तीव्रता ठरवतात.

वापरताना काय लक्षात ठेवावे?

- खोक्यावरचे ब्रँडचे नाव पुरेसे नाही, घटकांची यादी वाचावी. एकाच नावापुढे ‘बी’ किंवा ‘प्लस’ जोडलेल्या ट्यूबमध्ये अनेकदा स्टिरॉइड असते. क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन ही त्यांची नावे. ‘आरएक्स’ हे चिन्ह असेल तर चिठ्ठी हवीच.
- प्रमाण बोटाने मोजावे. ट्यूबमधून तर्जनीच्या शेवटच्या पेरावर काढलेली रेघ म्हणजे सुमारे अर्धा ग्रॅम. मोठ्या माणसाच्या दोन पंजांएवढ्या भागाला ती पुरते. थर जाड लावल्याने औषध जास्त आत जाते असे नाही.
- त्वचा कोरडी करून मग औषध लावावे. सांगितल्याशिवाय वर प्लास्टिक किंवा घट्ट पट्टी बांधू नये, गरम पाण्याची पिशवी ठेवू नये.
- चिरलेल्या, सोललेल्या किंवा नुकत्याच वॅक्सिंग केलेल्या त्वचेवर कुंपण शिल्लक नसते. तिथे औषध अनेक पटींनी जाते.
- अल्कोहोल असलेले लोशन लावून लगेच गॅसजवळ किंवा देवासमोरच्या निरांजनाजवळ जाऊ नये.
- बुरशीचे औषध खाज थांबल्यावर सोडू नये, डॉक्टरांनी सांगितलेला काळ पूर्ण करावा.
- स्टिरॉइडची ट्यूब बरेच महिने वापरली असेल तर ती स्वतःहून अचानक बंद करण्याऐवजी त्वचारोगतज्ज्ञाला ती ट्यूबच नेऊन दाखवावी. खाजगी दवाखान्याचा खर्च झेपत नसेल तर विलेपार्ल्याच्या कूपर रुग्णालयासारख्या पालिकेच्या मोठ्या रुग्णालयाच्या त्वचारोग विभागात जाता येते. आतापर्यंत लावलेल्या सगळ्या ट्यूब बरोबर नेल्या तर नेमके काय आणि किती आत गेले असेल, याचा अंदाज डॉक्टरांना लवकर येतो.